रिकामी टेकडी

“टेकडी रिकामी आहे. पोरांना वर पाठवा!” पाच मैल मागे खुर्चीत बसलेले ब्रिगेडियर फोनवर तिसऱ्यांदा खेकसले. खंदकात मेजरांशेजारी बसलेल्या फोनवाल्या शिपायालाही ते ऐकू गेलं आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच ‘रिकाम्या’ टेकडीवरच्या मशीनगनने सकाळपासून दोन पोरं गिळली होती. “मग ऐकाच,” म्हणत मेजर खंदकाबाहेर ताठ उभे राहिले आणि त्यांनी रिसीव्हर टेकडीकडे धरला. गोळ्या सुसाटल्या. एक दंडात घुसली, तसा त्यांनी रिसीव्हर दुसऱ्या हातात घेतला. “मेजर, लाइनवर फार खरखर आहे,” पलीकडून आवाज आला. “निघताय ना?” मेजरांनी खाली बसून चाकूने तारच कापली. “कुणीही हलायचं नाही.” शिपायाने साहेबांना वाचवायला फोनच्या नोंदवहीत खरडलं, ‘गोळीने तार तुटली.’ “खोड ते!” मेजर कडाडले. “लिही, तार मी कापली. आण, सही करतो.”