पुलापलीकडे पाच गोळ्या

लेकीला तिच्या बापाकडून आणायला निघताना रोंडानं टेबलावरचं पंधरा गोळ्यांचं पिस्तूल भावाकडे सरकवलं आणि आईचं जुनं रिव्हॉल्व्हर कमरेला लावलं. “पाचच गोळ्या? ताई, यात उंदीरही मरायचा नाही!” क्लेटन हसला. “तुझं पिस्तूल इथे चालतं, गाढवा. नदीपलीकडे, न्यू जर्सीत, दहाच्या वर गोळ्या मावणारं पिस्तूल म्हणजे गुन्हा. मी अडकले, की लेक कायमची त्याची.” दोन्ही राज्यांचे परवाने काढायला तिला वर्ष लागलं होतं, तिचा जबडा मोडणाऱ्या नवऱ्याला मात्र कोणी हटकलंही नव्हतं. पूल ओलांडताच पोलिसानं गाडी अडवली. “बेकायदा पिस्तूल घेऊन तुम्ही येताय, असा फोन आलाय.” त्यानं पाच गोळ्या मोजल्या, परवाने दोनदा वाचले. “सगळं ठीक आहे, मॅडम. जा.” रोंडानं इंजिन बंद केलं. “आता माझी तक्रार लिहा. खोटा फोन करणाऱ्याचं नाव सांगते. मी आज येणार हे नदीच्या या बाजूला फक्त माझ्या लेकीच्या बापालाच माहीत होतं.”