सात म्हणजे सात

"सात म्हणजे सात. नऊ म्हणजे फार उशीर झाला," घड्याळजी म्हणाले.

"अहो, पण कुत्र्याला कुठं घड्याळ कळतंय?"

"मला कळतं."

विषय संपला. पट्टेवाल्याने खुंटीवरचा पट्टा काढला, साहेबांच्या गळ्यात अडकवला आणि जिना उतरला.

कचेरी बंद पडेपर्यंत तो कारकून होता. कुत्री फिरवायला लागला आणि गल्लीने त्याला एका दिवसात पट्टेवाला करून टाकलं. आधी झोंबलं, मग अंगवळणी पडलं. काम तसं हाडं मोडणारं. तळहातांवर दोरीचे वळ, आणि दुसऱ्याच्या कुत्र्याची घाण आपल्या हाताने पिशवीत भरायची. पण पाच घरांत आपली पावलं ओळखून कुणीतरी दाराशी धावत येतं, हे सुख कचेरीत वीस वर्षांत मिळालं नव्हतं.

साहेब म्हणजे घड्याळजींचा तपकिरी, वयस्कर कुत्रा. पाच जणांत सगळ्यात गुणी. मालकाचे नियम मात्र जगावेगळे. बेल दोनदा वाजवायची. दार उघडलं नाही तर जवळच्या किल्लीने उघडायचं. कुत्रा परस्पर न्यायचा नाही, आधी तोंड दाखवायचं. रविवारीही सुट्टी नाही. तो दोन वर्षं येत होता; गेलं वर्षभर खुंटीवर पट्ट्यामागे एक बंद पाकीट लटकत होतं. "कुत्र्याचे कागद आहेत, लागतील तेव्हा घे," एवढंच ते म्हणाले होते. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाच्या डोक्यातही काटेच फिरायचे, असं पट्टेवाल्याने धरून ठेवलं होतं.

त्याला खुपत होतं ते वेगळंच. साहेबांचे पंजे रोज आधीच ओले असायचे. पोटाच्या केसांना गवताची काडी चिकटलेली असायची. रस्त्यावर आले की झाडाकडे धाव नाही, घाई नाही. म्हणजे पहाटेच कुणीतरी त्यांना फिरवून आणत होतं.

परतल्यावर त्याने विचारलंच. "साहेब सकाळी कुणाबरोबर जाऊन आले वाटतं?"

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं नाही. "तू तुझं काम कर. उद्या सातला ये."

पट्टेवाल्याचं डोकं फिरलं. म्हातारा स्वतः फिरवतो आणि वर आपल्याला राबवतो! टेकडीवरच्या बंगल्यात तीन दांडग्या कुत्र्यांचं काम चालून आलं होतं, आणि मालकीणबाईंनाही नेमकी सातचीच वेळ हवी होती. सोमवारपासून तीन दिवस बघू, जमलं तर कायम, असं त्या म्हणाल्या होत्या. हे काम सुटलं तर पोरीचं कॉलेजही सुटणार होतं.

"मग ठेव ना त्या म्हाताऱ्याला बाजूला," बायको म्हणाली. "कुत्रा फिरून आलेला असतो म्हणतोस. तू नाही गेलास तर कुणाचं काय अडणारे?"

"तोंडावर खोटं बोलवत नाही गं."

"मी बोलते. आण फोन."

नवऱ्याला ताप भरलाय, तीन दिवस येणार नाही, असं तिने ठोकून दिलं.

"काय म्हणाला?" तिने फोन ठेवल्यावर पट्टेवाल्याने विचारलं.

"काळजी घ्या म्हणाला. आणि गुरुवारी सातला नक्की ना, असं दोनदा विचारलं. बिचारा साधा वाटला रे."

बंगल्यातल्या कुत्र्यांनी तीन दिवस त्याला फरफटवलं. हातांची सालटी निघाली, पण काम पक्कं झालं. मालकीणबाईंकडून एका सकाळची सवड मागून, गुरुवारी सातला, तो किल्ली परत द्यायला निघाला. काय बोलायचं ते त्याने वाटेत तीनदा घोकलं. लाज वाटत होती, ती काही केल्या जाईना.

जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या.

"बरं झालं भेटलात. तुमचे साहेब फार भुंकत होते हो सोमवारी! म्हटलं, येतातच तुम्ही रोज, बघाल. आणि घड्याळजींची ती ठकठक! परवा रात्रीपर्यंत चालली होती. या वयातही घड्याळं उघडून बसतात म्हणजे कमाल आहे."

पट्टेवाल्याने वर जाऊन बेल दोनदा वाजवली. आतून फक्त नखांनी दार खरवडल्याचा आवाज आला. त्याने किल्ली लावली.

दाराशी साहेब होते, पण उठले नाहीत, नुसती शेपूट एकदा आपटली. घड्याळजी टेबल आणि पलंगाच्या मधे, फरशीवर आडवे होते. एक पाय भलत्याच बाजूला वळलेला. मुठीत छोटी हातोडी होती आणि हाताजवळच्या फरशीचे टवके उडाले होते. त्याने हात लावून पाहिला. अंग थंडगार होतं.

काय करावं ते सुचेना. पाय आपोआप खुंटीकडे गेले. पट्टा काढताना पाकीट हातात आलं. त्याने ते फोडलं. आत कुत्र्याचे कागद नव्हते, एकच चिठ्ठी होती, कोरीव अक्षरातली.

'घाबरू नकोस. साहेबांना रोज पहाटे मीच फिरवत होतो. त्यांच्यासाठी मी तुला ठेवलंच नव्हतं. माझा धाकटा भाऊ एकटा राहायचा. घरात पडला आणि सहा दिवस कुणाला पत्ता नव्हता. म्हाताऱ्याला बघायला रोज कुणी येत नाही, कुत्र्यासाठी येतात. मी नुसता पडलो असेन तर डॉक्टरला बोलाव. गेलो असेन तर साहेबांना तुझ्या घरी ने, त्यांना तुझा लळा आहे. आणि मनाला लावून घेऊ नकोस. तू वेळेचा पक्का आहेस. हे वाचतोयस म्हणजे फार तर एक रात्र गेली असेल.'