दुसरा सभासद

धक्क्याला बांधलेल्या बोटीची दोरी पाण्याला टेकत होती तिथे पेराएवढं जाड शेवाळ साचलं होतं. दोन वर्षांत गाठ सुटली नव्हती. तरी दर रविवारी बाई येत, दहा मिनिटं इंजिन चालवत आणि बंद करून घरी जात.

पन्नास वर्षांपूर्वी त्यांनी तीन मित्रांसह धरणावर हा मोटरबोट क्लब काढला. लाकडी होडीला विहिरीच्या पंपाचं इंजिन बसवलं. पहिल्याच वर्षी एकटा गेलेला एक मित्र बुडाला आणि नियम झाला: बोटीत किमान दोघं हवेत, दोघंही सभासद. गेल्या दोन वर्षांपासून सभासद म्हणून बाईच उरल्या होत्या.

"बांधलेल्या बैलाला नुसता चारा किती दिवस घालणार, बाई? त्यापेक्षा भंगारात द्या," धक्क्यावरून सोनबा म्हणाला. तीस वर्षं दोऱ्या सोडणारा हा राखणदार बोटीत कधीच बसला नव्हता. त्याला सभासद करायचा विषय प्रत्येक सभेत पुढच्या सभेवर ढकलला गेला होता.

बाईंनी हँडल फिरवलं. इंजिन सुरू झालं, पण त्यांना धाप लागली.

"सोनबा, दोरी सोडा आणि आत या. आजपासून तुम्ही सभासद."