यंत्राचा खाऊ

तैवानमधल्या तैनानच्या प्रयोगशाळांत यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून त्यावर खाऊचं हिरवं पाकीट ठेवतात. डॉ. लियाओंना हे थोतांड वाटायचं. पण औषध दिलेली कर्करोगाची पेशी दुभंगते की नाही हे दिसायच्या ऐन क्षणी सूक्ष्मदर्शक तिसऱ्यांदा बंद पडला, तेव्हा त्यांनीच गुपचूप पाकीट ठेवलं. आज पेशीचं चित्रीकरण सुरळीत चाललं होतं. त्या हात धुऊन परतल्या, तर केमो उरकून आलेली आई तेच पाकीट फोडून खात बसलेली! "अगं आई, ते यंत्राचं आहे!" "यंत्राला दात आहेत का?" तेवढ्यात पडदा काळा झाला. "झालं! करा आता पुन्हा पहिल्यापासून!" म्हणत डॉक्टर पाकीट हिसकायला गेल्या आणि थबकल्या. महिनाभर पेजेलाही तोंड न लावणारी आई बोटं चाटत होती. "पेइ-यिंग," त्या सहकारिणीवर खेकसल्या, "तीन पाकिटं आण! यंत्राला एक पुरे."