तोट्यातलं दूध

"हे चाळीस डबे जातात कुठे?" पाकू व्हांगने विचारलं.

"जातात एका गिऱ्हाइकाकडे," म्हणत किराणा दुकानदार ऑर्व्हिल हॉगेन दाढी खाजवत राहिला.

पाकू विस्कॉन्सिन राज्याच्या व्यापार खात्यात तपासनीस होती. शेजारच्याचा धंदा बुडवायला खरेदीपेक्षा कमी भावात माल विकायचा नाही, असा तिथला कायदा. ऑर्व्हिल दूध तोट्यात विकतो, अशी निनावी तक्रार आली होती. गल्ल्यावरच्या पावत्या तर चोख होत्या. तोटा होता तो मागच्या दाराने जाणाऱ्या दुधात.

पाकूला राहवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानासमोर खात्याची गाडी लावून बसली. ऑर्व्हिल हातगाडी ढकलत बर्फातून निघाला, रस्ता ओलांडला आणि थेट आर्डिस पेल्कीच्या दुकानात शिरला. गावातलं दुसरं किराणा दुकान तेवढंच. तीस वर्षं दोघांचं हाडवैर.

तो परतताना तिने त्याला गाठलंच. "अहो, बुडवायचं सोडून तुम्ही तिला पोसताय?"

"हळू बोला हो! डेअरीची गाडी तिच्याकडे येणं बंद झालंय. ऑर्डर लहान म्हणे. दूध नसलं तर ब्रेड घ्यायला तरी कोण जाईल तिच्याकडे? आणि ती दुकान बंद करून बसली, तर मी भांडू कुणाशी?"

"पण तोटा खाऊन?"

"तिलाही दोन पैसे सुटायला नकोत? तिला वाटतं, मी नफा काढूनच देतो. कळू देऊ नका. फार मानी आहे."

पाकू रस्ता ओलांडून गेली. आर्डिस दुधाचे डबे मांडत होती. मान न वळवताच म्हणाली, "सरकारी गाडी सकाळीच दिसली. आलात एकदाच्या. महिना झाला पत्र टाकून."

"म्हणजे तक्रार तुमची?" पाकू बघतच राहिली. "अहो, पण दूध तर तुम्हालाच मिळतंय!"

"डेअरीचा भाव मला ठाऊक नाही होय? परवा त्याने ट्रक विकला. मला म्हणतो, चालणं तब्येतीला बरं."

"त्याने देणं थांबवलं तर तुम्ही काय विकाल?"

"अंडी आहेत, मेणबत्त्या आहेत. बघेन माझं मी." आर्डिसने शेवटचा डबा ठेवला. "मी सांगून ऐकणारा नाही तो, हट्टी मेला. म्हटलं, सरकारचं तरी ऐकेल."