एकदाच विचारणारं घर

विस्मरणाच्या रुग्णांसाठी जिल्ह्यात याहून चांगलं वृद्धगृह नाही, असं सगळेच सांगत होते. इथली सगळी देखभाल यंत्रसेविका करत. शालनने आईला कालच आठ दिवस राहून पाहण्यासाठी इथे ठेवलं होतं. आज दुपारी ती भेटायला आली, तेव्हा आईचे ओठ सुकले होते.

"थालीपीठ वाढू का?" यंत्रसेविकेने गोड आवाजात आईला विचारलं.

"नको हो, पोट भरलंय."

सेविकेने लगेच ताट उचललं.

"कालपासून त्या नकोच म्हणतायत," व्यवस्थापक म्हणाले. "यंत्राने नकार मोडायचा नाही, असा कायदा आहे."

"अहो, पहिल्या विचारण्याला हो कोण म्हणतं?" शालनने ताट हिसकावून घेतलं. "आई, एवढंसं घे."

"नको गं."

"माझ्यासाठी. एकच घास."

"किती आग्रह करतेस बाई! कुणाची गं तू?" म्हणत आईने लोण्यासकट अख्खं थालीपीठ संपवलं आणि दुसऱ्याला पुन्हा नको म्हणाली. लेकीला विसरली होती, रीत विसरली नव्हती. शालनने दुसरंही वाढलं.

"प्रवेश कायम करायचा ना?" यंत्रसेविकेने शालनला विचारलं.

"नको!" शालनने आईची पिशवी खांद्याला अडकवली.

यंत्रसेविकेने दुसऱ्यांदा विचारलं नाही.