न्यायला आलेलं माणूस

पवनीच्या शोरूममध्ये भूपेंद्रनं मोटरसायकल जवळजवळ पक्की केली होती. सह्या तेवढ्या बाकी होत्या. बायकोला त्यानं रंग निवडायला सोबत आणलं होतं. एवढा मान देणारा नवरा आपल्या गावात दुसरा नाही, अशी त्याची स्वतःबद्दल समजूत होती.

"स्कूटी पाहाची का जी एकडाव?" रेणूनं हळूच विचारलं. घरून निघाल्यापासून ती तिसऱ्यांदा विचारत होती.

"धान कापून वावरातल्या बांधीत पडून आहे. दोन पोती मागं बांधून धुऱ्याच्या अरुंद वाटेनं आणा लागते. स्कूटीचं चाक तिथं फसून बसते. तू रंग पाह्य न वो."

"वहिनी, बसून त पाहा," शोरूमवाला कमलेश म्हणाला. "बसाले कोणाची मनाई हाये?"

भूपेंद्र कागद वाचायला लागला आणि रेणू स्कूटरवर बसली. गाडी स्टँडवर उभी होती. उघड्या दारातून दिवाळीनंतरचं कोवळं ऊन फरशीवरून सरकत पुढच्या चाकापर्यंत आलं होतं. रेणूला चालवता येत होती. शेजारच्या कीर्तीच्या स्कूटरवर, शाळेच्या मैदानात, पंधरा दिवसांत ती शिकली होती. भूपेंद्रला हे ठाऊक होतं, पण तो ते हिशेबात धरत नव्हता.

तिनं दोन्ही हात हँडलवर ठेवले. पाय सपाट जागेवर टेकवले. डोळे आपोआप मिटत गेले.

गाडी निघाली. वैनगंगेचा पूल आला, खाली पाणी उन्हात पांढरं दिसत होतं. पूल संपला. दोन्हीकडे कापलेली शेतं, मधे धानाचे रचलेले पुंजणे, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. पदरात वारा भरत होता. काहीतरी वेगळं वाटत होतं, ते काय हे तिला जरा उशिरा कळलं. समोर कुणाची पाठ नव्हती. आजवर हा रस्ता तिनं कुणाच्या तरी पाठीआडून, बाजूबाजूनंच पाहिला होता. समोरून तो इतका रुंद होता!

चार दिवसांवर दिघोरीची, तिच्या माहेरची, मंडई आली होती. दिवाळी झाली की तिकडे गावोगाव मंडई भरते. रात्री दंडारीचं नाटक होतं, पाळणे येतात, घराघरांत पाहुणे मावत नाहीत. लेकीबाळी माहेरी येतात, पण आपल्या आपण येत नाहीत. माहेरचं माणूस न्यायला यावं लागतं. रेणूचा भाऊ घनश्याम दरवर्षी यायचा. तिला घेऊन परतताना गावाजवळ बोडीच्या, लहानशा तळ्याच्या, वळणावर तो गाडीचा हॉर्न दोनदा वाजवायचा, आणि तो ऐकून माय चुलीवर चहा मांडायची. तीन वर्षांपूर्वीची मंडई झाली आणि घनश्याम तापानं गेला. आता न्यायला कुणाला पाठवू, म्हणून तिकडे माय गप्प. न्यायला कुणी आलं नाही, म्हणून इकडे रेणू गप्प. भूपेंद्र बिचारा नेऊन सोडायला तयार होता. पण नवऱ्यानं नेऊन सोडणं म्हणजे न्यायला येणं नव्हे. अशा दोन मंडया गेल्या. दोघी आपापल्या घरी रडल्या आणि फोनवर फक्त तब्येतीचं बोलल्या.

बोडी आली. शिंगाड्याच्या वेलांवर एक बगळा पाय उचलून उभा होता. वळणापलीकडे घर दिसत होतं. अंगणात माय सुपानं धान पाखडत होती, पाठमोरी. रेणूनं हॉर्न दाबला. आवाज आला नाही. पुन्हा दाबला. माय काही वळून पाहीना.

"कुटं गेली वो?"

भूपेंद्र समोर उभा होता. हातात पेन.

"दिघोरीले," रेणू म्हणाली.

"अस्सं! कोण आलं होतं न्यायले?"

तो थट्टेनं बोलून गेला आणि लगेच त्यानं जीभ चावली. पण रेणू रागावली नाही. ती अजून त्या वळणाकडेच पाहत होती.

"मीच आली होती मले न्यायले."

मग कमलेशनं कागद पुढे सरकवला. "भाऊ, सही?"

भूपेंद्रनं पेन खिशाला लावलं. तो स्कूटरभोवती एक चक्कर मारून आला. चाक दाबून पाहिलं. खाली वाकून, रेणूचे पाय जरा बाजूला सारून, पाय ठेवायची जागा त्यानं वितीनं मोजली.

"धानाचं पोतं मावते का इथं?"

"एक मावते. दोन नाही मावत."

भूपेंद्रनं ती जागा पुन्हा एकदा वितीनं मोजली.

"मंग दोन चकरा मारन," तो म्हणाला. आवाज असा, की जणू कुणी त्याच्याशी भांडत होतं.

कमलेशनं किल्ली आणून गाडीला लावली, फिरवली. छोटा दिवा लागला. "घ्या वहिनी, सगळं पाहून घ्या. लाइट, हॉर्न."

रेणूनं हॉर्न वाजवला. थोडं थांबून आणखी एकदा.

"बस झालं," ती म्हणाली. "मायनं चहा मांडला असंल."